नाणं पुरे, पत्रिकेचं गणित घाला

आमच्या शेजारच्या मराठी कुटुंबातली मुलगी यंदा इयर 12 ला आहे. शनिवारी सकाळी ती मॅथ्सची वही घेऊन आमच्याकडे येते. सध्या हायपॉथेसिस टेस्टिंग चालू आहे. गणितं तीच ती. नाणं 20 वेळा उडवलं, 14 वेळा छापा आला, तर नाणं खोटं म्हणायचं का? मग फासा, मग बियाण्याची पाकिटं, की परत नाणं. तिला उत्तर येतं, पण कंटाळा लपत नाही. मी तरी वेगळं काय केलं? इंजिनिअरिंगला सूत्र पाठ करून मार्क काढले. ते कशासाठी असतं हे नोकरीत कळलं, वेबसाइटवरच्या दोन बटणांपैकी कुठलं जास्त चालतं हे ठरवताना.

त्या शनिवारी तिची आई आमच्याच किचनमध्ये फोनवर बोलत होती. नाशिकच्या भाचीचं स्थळ. मुलगा चांगला, घर चांगलं, दोघांना एकमेकं पसंत, पण 36 पैकी 16 च गुण जुळतात. पोरीनं पेन ठेवलं आणि विचारलं, "काका, 18 च का लागतात? कोणी ठरवलं?"

मी हसलो खरा, पण आमचं 5 टक्क्यांचं तरी काय? फिशरनं 1925 च्या पुस्तकात विसात एक ही मर्यादा सोयीची म्हणून सुचवली आणि जग तीच धरून बसलं. "मग दोन्हीत फरक काय?" हा तिचा पुढचा प्रश्न. असा प्रश्न पाठ्यपुस्तकात का नसतो?

मला पुण्याचा प्रयोग आठवला. 2008 च्या सुमारास जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी 200 मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या. 100 मुलं शाळेत हुशार गणली गेलेली, 100 बौद्धिक अक्षमता असलेली. ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिका दिल्या आणि एवढंच विचारलं, की यातली हुशार मुलाची कुठली ते सांगा. 51 जणांनी तयारी दाखवली, उत्तरं 27 जणांची आली. सरासरी 46 टक्के बरोबर. एका संस्थेनं सगळ्या 200 पत्रिका पाहिल्या, तिची 102 बरोबर आली. 2009 साली 'करंट सायन्स'मध्ये हे छापून आलं. हे चालू होतं तेव्हा आम्ही इंजिनिअरिंगची पोरं नाणीच उडवत होतो!

आम्ही वहीत हेच मांडलं. नल हायपॉथेसिस : ज्योतिषी अंदाजानं सांगतो, म्हणजे निम्मी बरोबर. 40 पैकी 20 ची अपेक्षा. 5 टक्क्यांच्या कसोटीला किमान 26 बरोबर यायला हवीत. सगळ्यांत चांगल्या ज्योतिषाची आली 24.

मला सगळ्यांत मोलाची वाटते ती यापुढची पायरी. 24 म्हणजे 60 टक्के. बेलग्रेव्ह रोडवर दुकानाच्या काचेला लावायच्या पत्रकावर हा आकडा झकास दिसेल. पण नुसतं नाणं उडवून कोणालाही 24 किंवा जास्त यायची शक्यता 13 टक्के आहे. म्हणजे 27 जणांनी नाणी उडवली असती तरी तीन-चार जण तिथवर पोचले असते. पोरगी पटकन म्हणाली, "म्हणजे लेस्टर सिटीसारखं!" 2016 ला आमची टीम 5000 ला 1 अशा भावातून लीग जिंकली, तेव्हा 'मी म्हटलंच होतं' म्हणणारे गल्लोगल्ली निघाले. न निघालेल्यांची मोजदाद कोण करतो?

शेवटी तिनं घाईत लिहिलं, 'ज्योतिष खोटं आहे.' मी ते खोडायला लावलं. इथले परीक्षकही त्याचे मार्क देत नाहीत. लिहायचं असं, की पत्रिकेवरून मुलाची बुद्धी ओळखता येते या दाव्याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. लग्नाचे गुण या प्रयोगात तपासलेच नव्हते. त्यासाठी जुळलेल्या आणि न जुळलेल्या जोडप्यांची वेगळी तपासणी लागेल, आणि 'चांगलं चाललंय' म्हणजे काय ते आधी ठरवावं लागेल. 18 आणि 5 टक्के यांतला फरक तिला इथं सापडला. आकडा दोघांचाही सोयीचाच, पण आमच्या कसोटीत उत्तर मनाविरुद्ध आलं तर काय म्हणायचं, ते आधीच लिहून ठेवलेलं असतं.

नास्तिक-आस्तिक वादात मला पडायचं नाही. माझी आईही पत्रिका बघते. मागणं एवढंच, की परदेशातल्या आपल्या मराठी शाळांत आणि तिकडे अकरावी-बारावीच्या क्लासात नाण्याबरोबर हे एक गणित घाला. मूळ लेख तीनच पानांचा आहे.

नाशिकचं स्थळ मोडलं. पुढच्या शनिवारी पोरीनं आईपुढे वही ठेवली. आईनं ती शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "46 टक्के म्हणजे नाण्यापेक्षाही कमी का गं?"