सर्व्हररूम : डिस्क वाढली, पूल का नाही?

होस्टिंगवाला डिस्क वाढवतो, बिल पाठवतो आणि मोकळा होतो. इकडे सर्व्हर जुनाच आकडा दाखवत बसतो. नाशकात हे दुखणं आता फक्त आयटीवाल्यांचं राहिलेलं नाही. लग्नाचे व्हिडिओ साठवणारे स्टुडिओ, फवारणीच्या नोंदी जपणारे द्राक्ष निर्यातदार, अंबडचे छोटे कारखाने, सगळ्यांच्या फायली कुठल्यातरी व्हर्च्युअल डिस्कवर आहेत.

शेजारचं शेत खरेदी केलं, तरी फेरफार मंजूर होईपर्यंत सातबाऱ्यावर जुनंच क्षेत्र राहतं, तसलाच हा प्रकार. झेडएफएस या फाइल-सिस्टिमचा पूल, म्हणजे डिस्कमधून तयार होणारा एकत्र साठा, प्रत्येक डिस्कवर आपली लेबलं चार ठिकाणी लिहून ठेवतो : दोन सुरुवातीला, दोन शेवटी. पार्टिशनच्या तक्त्याची राखीव प्रतही डिस्कच्या अगदी टोकाला असते. खालून डिस्क वाढवली की शेवटचं हे सगळं जुन्या टोकाशी, म्हणजे आता अधेमधेच, पडून राहतं. अख्खी डिस्क पूलला दिलेली असेल तर 'झेडपूल लिस्ट'च्या एक्सपांडएसझेड रकान्यात वाढीव जागा दिसते. पूलचं आणि डिस्कचं नाव देऊन 'झेडपूल ऑनलाइन -ई' चालवलं की ती साइझमध्ये जमा होते, सर्व्हर बंदही करावा लागत नाही. पूल पार्टिशनवर असेल तर आधी पार्टिशन वाढवा; त्याच्या मागे स्वॅप ठाण मांडून बसलेलं असेल तर आधी ते हलवा. मिररमध्ये एकच डिस्क वाढवून उपयोग नाही, तिथे लहान डिस्कचंच चालतं.

हे आपोआप करणारी 'ऑटोएक्सपांड' सेटिंग आहे, पण ती मुळात बंद असते. माझ्या मते बंदच बरी. सातपूरच्या ईएसडीएस कंपनीचा ईनलाइट क्लाउड प्रोसेसर आणि मेमरी भाराप्रमाणे आपोआप कमी-जास्त करतो. मेमरीला ते शोभतं; भार उतरला की परत घेता येते. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू एहरन्स यांनी घडवलेलं झेडएफएस 2005 साली खुलं झालं, त्यातली पूलची कल्पना मेमरीवरूनच सुचलेली : पट्टी खोचली की कामाला तयार. पण ही नक्कल अर्धीच उतरली. एकदा वाढवलेली डिस्क पूलमध्ये पुन्हा लहान होत नाही. 2 टीबीऐवजी चुकून 20 टाइप झालं तर भाडंही 20चंच. सुटायचं तर सगळा डेटा दुसऱ्या, लहान डिस्कवर न्यायचा.

पण म्हणून इवल्याशा डिस्कवर पूल सुरू करून 'नंतर वाढवू' म्हणणंही मला पटत नाही. पूल डिस्कचे तुकडे पाडतो, मेटास्लॅब म्हणतात त्यांना, आणि तुकड्याचा आकार पहिल्याच दिवशी ठरतो. डिस्क शंभरपट केली की तुकडेही शंभरपट, आणि त्यांचा हिशोब ठेवणं आलं.

सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे. कॅमेरे येतील, फुटेज येईल, ते साठवायला डिस्का लागतील. कामाच्या आदेशात 'स्टोरेज वाढवून देणे' एवढंच लिहून भागणार नाही. वाढ साइझच्या रकान्यात दाखवल्याशिवाय बिल मंजूर नाही, असं त्यात स्पष्ट असावं.