मानशीचे दार आणि माशाची वाट

पावसाळ्यात उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच दिवशी आले की गोव्यात कुठला ना कुठला खाजन बांध फुटतो. खारे पाणी शेतात घुसते, लावणी केलेले भात डोळ्यांदेखत करपते, वर्तमानपत्रात फोटो येतो, आमदार पाहणी करतात आणि 'तातडीच्या दुरुस्ती'चे आश्वासन मिळते. चार भरत्या उलटल्या की सगळे शांत. मग पुढच्या वर्षी गाव वेगळा, पण बातमी तीच! हे चक्र मोडायचे असेल तर बांधदुरुस्ती म्हणजे माती, दगड आणि काँक्रिट एवढाच हिशोब पुरणार नाही. त्या बांधाला एक दार असते आणि त्या दारातून पाण्याबरोबर मासळीही ये-जा करते, हे आधी ध्यानात घ्यावे लागेल.

मांडवी, जुवारी, शापोरा, साळ अशा नद्यांच्या खाडीपट्ट्यात आपल्या पूर्वजांनी भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन बांध घालून लागवडीला आणली. आज गोव्यात अशी खाजन जमीन सुमारे १८,००० हेक्टर मानली जाते. चोडण, दिवाडी, सांतइस्तेव, करमळी, नेवरा या गावांचे सारे जीवन या बांधांवर उभे राहिले. सहाव्या शतकातील ताम्रपटातही खाजन जमिनीचा उल्लेख सापडतो, असे इतिहासाचे अभ्यासक सांगतात. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून ही व्यवस्था येथे नांदत होती.

या व्यवस्थेचे हृदय म्हणजे मानस. बांधातील या लाकडी दाराची झडप भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि सुकती लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. वीज नाही, इंजिन नाही, तेल नाही. समुद्राच्याच ताकदीने समुद्राला बाहेर ठेवायचे आणि पावसाचे पाणी बाहेर काढायचे. मानशीच्या आत पोंय, म्हणजे पाणी साठवणारा खोल भाग, आणि त्यापलीकडे शेते. शेतात कोरगुट, आसगो यांसारखे खारे पाणी सोसणारे भात आणि पोंयीत सुंगटे, शेवटे, काळुंदर, चोणक, कुर्ल्या. एकाच जमिनीतून भातही आणि हुमणही!

मासळीची गोष्ट थोडी खोलात जाऊन समजून घ्यायला हवी. सुंगटांची पैदास समुद्रात होते. त्यांची इवलीशी पिल्ले भरतीबरोबर खाडीत शिरतात, उथळ, निवाऱ्याच्या पाण्यात वाढतात आणि मोठी झाली की परत समुद्राकडे निघतात. चोणकाचेही तसेच. तो वाढतो खाडीत आणि नदीत, पण अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे, नदीच्या मुखाकडे जातो. म्हणजे मानशीचे दार ही या जिवांच्या घराची उंबरठ्याची जागा आहे. दार कायमचे बंद केले तर मासळी संपते, कायमचे उघडे टाकले तर भात संपते. दार केव्हा, किती आणि कुणाच्या सांगण्यावरून उघडायचे, हाच खाजन व्यवस्थेतील खरा राजकीय प्रश्न आहे.

पूर्वी याचे उत्तर गांवकारीकडे होते. १५२६ च्या फोरालने पोर्तुगिजांनी गांवकारीचे हक्क नोंदवून घेतले. पुढे तिची कोमुनिदाद झाली, तरी बांधाची राखण, मानशीची पावणी आणि शेतीचे वेळापत्रक यांचा धागा गावाच्याच हाती राहिला. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने १९६४ साली कूळ कायदा आणला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणारा कूळ जमिनीचा मालक झाला. हा न्याय होता आणि त्याबद्दल आपल्या समाजात दुमत नाही. पण जमीन कुळाच्या नावावर झाली तेव्हा बांधाची जबाबदारी कुणाच्या नावावर झाली? कागदोपत्री ती कूळ संघटनांकडे आली आणि त्यांच्यावर मामलेदारांची देखरेख ठेवली गेली. प्रत्यक्षात अनेक गावांत संघटनेची सभा भरत नाही, हिशोब लागत नाहीत, आणि बांधाची आठवण होते ती तो फुटल्यावर!

भरीस भर म्हणजे मानशीची पावणी. मानस जो घेतो त्याचे पैसे मासळीतून सुटतात, भातातून नाही. साहजिकच आत जास्त पाणी घ्यावे, जास्त मासळी अडकवावी, असे त्याला वाटते. मर्यादेपलीकडे पाणी आत घेतले की त्याच्या जोराने मानशीच्या बाजूची माती खचते, पोंयीचे काठ ढासळतात आणि एके रात्री बांध जातो. यात एकट्या पावणीदाराला दोष देऊन भागणार नाही. पावणीचे पैसे घेणाऱ्या संघटनेनेही बांध तपासायला हवा होता.

बाहेरून आलेली संकटे वेगळीच. खनिजवाहू बार्जींच्या लाटांनी मांडवी आणि जुवारीचे काठ वर्षानुवर्षे झिजवले. रेल्वे आणि महामार्गांचे भराव खाजनांतून गेले आणि पाण्याच्या जुन्या वाटा बुजल्या. फुटलेला बांध दोन-चार वर्षे तसाच राहिला की शेतात खारफुटी उगवते. खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे शेत परत मिळवणे जवळपास अशक्य होते. दुरुस्तीला लावलेला उशीर म्हणजे कित्येकदा जमीन कायमची सोडून देणे असते, हे खात्यातील अधिकाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आता पुढची अडचण. मानस चालते ती सुकतीच्या वेळी नदीचे पाणी शेतापेक्षा खाली जाते म्हणून. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि वाढीचा वेग आता वर्षाला साडेतीन मिलिमीटरच्या पुढे गेला आहे. पाणी बाहेर पडण्याची वेळ दर पिढीला थोडी थोडी आखडत जाणार. आज ना उद्या कुणीतरी म्हणणार, मानस पुरत नाही, पंप बसवा. पंपाला आमचा आंधळा विरोध नाही. पण कसला पंप, हा प्रश्न आजच विचारून ठेवला पाहिजे.

या बाबतीत हॉलंडकडे पाहण्यासारखे आहे. त्या देशाचा सुमारे एक चतुर्थांश भाग समुद्रसपाटीखाली आहे आणि पंप थांबले तर तो पाण्याखाली जाईल. शतकानुशतके त्यांनी पाणी उपसले, पण त्या पंपांतून जाणाऱ्या माशांचे काय होते, याचा विचार फार उशिरा केला. साधा पंप वेगाने फिरतो. त्याच्या पात्यांनी मासे कापले जातात आणि दाबाच्या अचानक बदलाने त्यांच्या पोटातील हवेची पिशवी फुटते. युरोपातील वाम मासा समुद्रात जन्मतो, नद्या-कालव्यांत वाढतो आणि अंडी घालायला परत समुद्रात जातो. त्याच्या पिल्लांची आवक १९८० नंतर ९० टक्क्यांहून अधिक घटली. याला कारणे अनेक, पण बांध, दारे आणि पंप ही त्यांतील मोठी. अखेर २००७ साली युरोपीय संघाला या एका माशासाठी स्वतंत्र नियम करावा लागला.

त्यानंतर तेथे जुनी पंपघरे नव्याने बांधताना मासळीचा विचार होऊ लागला. मत्स्यस्नेही पंपात पाती कमी आणि त्यांच्या कडा गोलसर असतात, फिरण्याचा वेग कमी ठेवतात आणि पात्याच्या व भिंतीच्या फटीत मासा चिरडणार नाही अशी रचना करतात. काही ठिकाणी आर्किमिडीजचा जुना स्क्रू नव्या रूपात येतो. तो सावकाश फिरतो आणि पाण्याबरोबर मासाही सुखरूप वर जातो. अर्थात पंप मासा फक्त बाहेर नेतो. आत येण्यासाठी वेगळी वाट ठेवावीच लागते. १९३२ साली पुऱ्या झालेल्या ३२ किलोमीटरच्या आफ्स्लाउटडाइक बांधाच्या नूतनीकरणात तर माशांसाठी बांधातून खास नदी काढण्याचे काम हाती घेतले गेले. आधी दार बंद करायचे आणि मग कोट्यवधी खर्चून वाट उकरायची, हा त्यांचा अनुभव. आपल्याकडे ती वाट अजून शाबूत आहे!

हॉलंडची आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तेथे पाण्याचा कारभार २१ पाणीमंडळांकडे आहे. त्यांची वेगळी निवडणूक होते आणि ती वेगळा कर घेतात. ही मंडळे मध्ययुगापासून चालत आली आहेत. आपल्या गांवकारीचीच ती चुलत बहीण म्हणायची. त्यांनी ती टिकवून अधिकार दिले, आपण ती दप्तरात बांधून ठेवली.

२०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत खाजन जमिनींचे संरक्षण करावे आणि त्यांचा व्यवस्थापन आराखडा करावा, असे गोव्यासाठी स्वतंत्रपणे लिहिले आहे. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध घालणारा कायदा विधानसभेने २०२३ साली केला. कायदे कमी नाहीत. हवी आहे ती अंमलबजावणी. म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. दर दिवाळीनंतर प्रत्येक बांधाची आणि मानशीची पाहणी करून यादी पंचायतीच्या फलकावर लावावी आणि पावसाआधी काम संपवावे. पावणीच्या करारात मानस उघडण्याच्या वेळा आणि पाण्याची पातळी लिहावी आणि पावणीचा ठरावीक हिस्सा बांधासाठी राखून ठेवावा. मानस काँक्रिटची करायची असेल तर झडपेची जुनी चाल आणि माशांची ये-जा कायम राहील, असा नकाशा असावा. पंप बसवायची वेळ आलीच तर तो मत्स्यस्नेही असावा आणि आत येणाऱ्या पिल्लांची वाट वेगळी ठेवावी, ही अट निविदेतच असावी. बसवलेला पंप नंतर बदलायला पैसा मिळत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे.

शेवटी दोन शब्द आपल्याच घरच्यांशी. आपल्यापैकी कित्येक कुटुंबांची नावे आजही कूळ संघटनेच्या यादीत आहेत, कित्येक गांवकार आहेत. मुले पणजीत, मुंबईत, परदेशात आहेत आणि शेत पडीक आहे. चतुर्थीला मूळ घरी जाणारे आपण संघटनेच्या सभेला मात्र जात नाही. ज्या सभेत दहा माणसे बसतात, तेथे दोन माणसे गाव चालवतात. यंदा आपल्या संघटनेची सभा केव्हा आहे ते मामलेदार कचेरीत विचारा, हिशोब मागा, बांधावरून एकदा चालून या. भात आणि मासळी या दोहोंवर ज्यांचे ताट वाढले, त्यांनी त्या दाराची किल्ली दुसऱ्याच्या हाती सोडून देणे परवडणारे नाही.