माझा आवडता प्राणी : डुक्कर का नाही?



‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध आपण दरवर्षी घेतो. तपासायला बसलो की वहीमागून वहीत तोच कुत्रा भेटतो. नाव मोती, रंग पांढरा, तो इमानदार असतो, तो घराची राखण करतो. उरलेल्या वह्यांत गाय आणि मांजर.

गेल्या वर्षी चौथीच्या वर्गात एका मुलाने उभं राहून विचारलं, “सर, डुकरावर लिहू का?” सगळा वर्ग खो-खो हसला. खरं सांगतो, मीही हसलो. म्हटलं, “अरे, कुत्र्यावर लिही ना!” त्याने मुकाट्याने लिहिलं. मोती, पांढरा, इमानदार. मी दहापैकी आठ गुण दिले. त्याच्या घरी कुत्रा नाही, हे मला माहीत होतं.

काही दिवसांनी शाळा सुटल्यावर मी परतवाड्यातून गाडीने घरी निघालो होतो. पुढे हा पोरगा आणि त्याच्या मागे एक काळं पिल्लू. तो थांबला की ते थांबायचं, हाक मारली की कान हलवत धावायचं. मी गाडी थांबवली तर म्हणाला, “सर, थे मले वयखते. शायेतून येतो तं रस्त्यावर उभं रायते.” मग तो बोलतच सुटला. पिल्लाने ज्वारीचं पोतं कसं फाडलं, पाण्याचं गंज नाकाने उलटवून त्या चिखलात कसं बसलं, माय काठी घेऊन निघाली तर याच्याच पायामागे कसं लपलं! वर्गात तीन ओळींच्या पुढे न जाणारा मुलगा पाच मिनिटं थांबला नाही. खरा निबंध हा होता, आणि तो मीच वर्गात अडवला होता.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. मुलाच्या घरी जो प्राणी आहे, त्यावर त्याला लिहू द्या. मग ते डुक्कर का असेना.

डुक्कर खरंच घाणेरडं असतं का?

मुलं हसतात कारण मोठ्यांनी त्यांना तसं शिकवलंय. आपण रागावलो की ‘डुकरा’ म्हणतो, खरकटं सांडलं तरी तेच. पण विज्ञान काय म्हणते? डुकराला माणसासारखा घाम येत नाही. अंग थंड ठेवायला आणि ऊन, माश्या यांच्यापासून वाचायला ते चिखलात लोळतं. आपल्या वऱ्हाडातल्या मे महिन्यात त्याने दुसरं काय करावं? पुरेशी जागा मिळाली तर ते झोपायच्या जागी घाणही करत नाही.

शिवाय ते फार हुशार असतं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चार डुकरं नाकाने दांडी हलवून पडद्यावरचा खेळ खेळायला शिकली होती.

आपल्याच विदर्भात, रामटेकच्या गडावर वाकाटक काळातली वराहाची भव्य मूर्ती आहे. दशावतारातला तिसरा अवतार आपण मुलांना शिकवतो, आणि त्याच तासाला डुकराच्या नावाने शिवी पण देतो.

परदेशातलं लाडकं डुक्कर

व्हिएतनामकडची लोंबत्या पोटाची लहान डुकरं १९८५ च्या सुमारास कॅनडात आली आणि पुढे अमेरिकेत ती पाळायचं वेडच लागलं. अभिनेता जॉर्ज क्लूनी याचं ‘मॅक्स’ हे डुक्कर त्याच्याकडे १८ वर्षं होतं, २००६ मध्ये ते गेलं. ही डुकरं नाव ओळखतात, पट्टा लावून फिरायला येतात, आणि फ्रीज उघडून खातात, अंगणही उकरून ठेवतात!

पण याची दुसरी बाजूही आहे. ‘हे एवढंसंच राहतं’ असं ऐकून लोकांनी पिल्लं घेतली. ती वाढून ५० किलोच्या वर गेली, तेव्हा अनेकांनी ती सोडून दिली. प्राणी पाळणं म्हणजे खेळणं आणणं नव्हे, हा धडा आपल्या मुलांनाही हवा.

तिकडे डुक्कर पाळणाऱ्याचा फोटो छापून येतो. इकडे आमच्या पोराला वर्गात खाली बसावं लागतं. प्राणी तर तोच आहे! नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने हेच दुखणं दाखवलं होतं. ‘फँड्री’ म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. आपण हसतो ते डुकराला, पण लागतं ते घरी डुकरं असणाऱ्या लेकराला.

मग सगळं चांगलंच का?

नाही. मोकाट डुकरांचा त्रास खरा आहे. जिथे लोक उघड्यावर शौचाला बसतात, तिथे डुकरांमार्फत पट्टकृमीचा प्रसार होतो. म्हणून बंदिस्त जागा, साबणाने हात धुणं, मांस नीट शिजवणं हे मुलांना सांगायलाच हवं. मेळघाटाच्या पायथ्याच्या गावांत रानडुकरं हरभऱ्याची नासाडी करतात. त्या शेतकऱ्याचं पोरगं रागाने लिहील. लिहू द्या, तेही खरंच असेल.

वर्गात काय करता येईल?

फळ्यावर मुद्दे देण्याऐवजी मी यंदा हे प्रश्न विचारले :

१. तुझ्या घरी किंवा शेजारी कोणता प्राणी आहे?
२. तो तुला कसा ओळखतो?
३. त्याने केलेली एक खोडी सांग.
४. तेव्हा घरचे काय म्हणाले? त्यांच्याच शब्दांत लिही.
५. त्याची काळजी कोण घेतं? कशी?

या वेळी बोकड आला, कोंबडी आली, बैल आला. एकीने घरातल्या पालीवर लिहिलं. शुद्धलेखनाच्या चुका वाढल्या, पण ओळीही वाढल्या. चुका नंतर दुरुस्त करता येतात.

तो मुलगा मात्र आता पाचवीला दुसऱ्या शाळेत गेलाय. त्याचा डुकरावरचा निबंध माझ्याकडे नाही. तुमच्या वर्गात असा कोणी उभा राहिला तर हसू नका, “लिही बाबा” म्हणा. आणि बाकीची पोरं हसली, तर आधी त्यांना थांबवा.