दुधाच्या दातांची उपेक्षा

“दुधाचेच दात ते, आज ना उद्या पडायचेच आहेत!” हे उद्गार कधी निघाले नाहीत असे घर आपल्या धर्मग्रामात शोधूनही सापडणार नाही. असे म्हणणाऱ्या माउलीच्या मनात मुलाविषयी माया नसते असे मुळीच नव्हे. हातावर पोट असलेल्या घरात कोणती गोष्ट आज करावयाची आणि कोणती उद्यावर टाकावयाची, याचा हिशेब तिला रोज मांडावा लागतो. आणि त्या हिशेबात लेकराचा दात नेहमी उद्याच्या रकान्यात जाऊन पडतो. ताप आला तर अंग तापते, फी थकली तर शाळेतून चिठ्ठी येते. दात मात्र महिनोन्‌महिने मुकाट्याने किडत असतो. तो बोलू लागतो तेव्हा बहुधा मध्यरात्र झालेली असते, दवाखाने बंद असतात आणि मूल गालाला हात लावून रडत असते. या मुक्या दुखण्याविषयी आज चार शब्द लिहावे असे आम्ही योजिले आहे.

हे दुखणे किती पसरले आहे याची आपणांस क्वचितच कल्पना असते. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ साली देशभर पाहणी केली, तेव्हा पाच वर्षांच्या मुलांपैकी शेकडा ५१.९, बारा वर्षांच्यांपैकी शेकडा ५३.८ आणि पंधरा वर्षांच्यांपैकी शेकडा ६३.१ मुलांचे दात किडलेले आढळले. म्हणजे शाळेच्या एका बाकावर दोन मुले बसली असतील, तर सरासरीने त्यांतील एकाच्या तोंडात कीड आहे असे समजावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालाप्रमाणे दुधाचे दात किडलेल्या मुलांची जगातील संख्या ५१ कोटींहून अधिक आहे. आणि या व्याधीचा भार गरिबांवरच जास्त पडतो, असेही त्या अहवालात नमूद आहे.

आता “पडायचेच आहेत” या समजुतीचा विचार करू. बाळाला साधारण सहाव्या महिन्यापासून अडीच वर्षांपर्यंत दुधाचे वीस दात येतात. त्यांतील पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरे. पण दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. म्हणजे मूल पाचवी-सहावीत जाईपर्यंत त्याला भाकरी चावावयाची ती याच दाढांनी. शिवाय प्रत्येक दुधाचा दात आपल्याखाली तयार होणाऱ्या पक्क्या दाताची जागा राखून ठेवीत असतो. तो अवेळी काढावा लागला की शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि मागाहून येणारा दात वाकडातिकडा येतो. दुधाच्या दाताच्या मुळाशी पू झाला तर खालच्या पक्क्या दातासही इजा पोहोचू शकते.

याहून मोठी हानी एका अज्ञानामुळे होते. मूल सुमारे सहा वर्षांचे झाले की दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, एकही दात न पडता, एक नवी दाढ गुपचूप वर येते. कोणताही दात पडलेला नसल्यामुळे आईबाप तिलाही दुधाचीच समजतात. ती पक्की दाढ असते. ती गेली तर दुसरी येणे नाही. पहिलीत जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आईने उजेडात मुलाचे तोंड उघडून ही दाढ एकदा आपल्या डोळ्यांनी पाहावी, एवढी आमची आग्रहाची विनंती आहे.

दात किडतो म्हणजे काय होते? आपल्या भाषेतील ‘कीड’ या शब्दाने एक गैरसमज जोपासला आहे. दातात किडा शिरतो असे समजून रिंगणीच्या बियांची धुरी घेणारे आणि देणारे लोक खेड्यापाड्यांत होते. प्रत्यक्षात असा किडा नसतो. दातांवर साचणाऱ्या चिकट थरात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जंतू राहतात. आपण गोड खाल्ले की तेही ते खातात आणि त्यापासून आम्ल तयार करतात. हे आम्ल दातांचे कवच विरघळविते. तोंडातील लाळ हळूहळू आम्ल धुऊन टाकते व झालेली झीज भरूनही काढते. परंतु या कामास तिला अर्धा तास, कधी तासभरही लागतो. त्या अवधीत पुन्हा गोळी तोंडात गेली तर लाळेचे काम अपुरे राहते. यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येईल: गोड किती खाल्ले याइतकेच ते कितीदा खाल्ले यालाही महत्त्व आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नॉर्वेसारख्या देशात साखर दुर्मिळ झाली, तेव्हा तेथील मुलांच्या दातांची कीडही कमी झाली, हा इतिहास बोलका आहे.

आणि येथेच गरिबाच्या मुलाचा घात होतो. श्रीमंताच्या घरी गोड कमी खातात असे नव्हे. पण गरिबाच्या घरी पोट भरण्याचे स्वस्त साधनच गोड झाले आहे. पहाटे कामावर निघालेली आई गोड चहा आणि पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा ठेवून जाते. तीच मुलाची न्याहारी. शाळेच्या फाटकाशी रुपयाला गोळी मिळते व ती तासभर गालात घोळते. तान्ह्या बाळाने रात्री रडू नये म्हणून साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात तशीच ठेविली जाते, आणि पुढचे वरचे दात येता येताच काळे पडू लागतात. ब्रश असला तर तीन भावंडांत एक. यांत दोष त्या माउलीचा नाही, हे आम्ही स्पष्टपणे म्हणू इच्छितो. तिला स्वस्तात जे मिळते ते ती देते. दातांना सोसणारे असे स्वस्त दुसरे काय आहे, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

दाताच्या दुखण्याची झळ दातापाशीच थांबत नाही. ज्याची दाढ ठणकते ते मूल रात्री झोपत नाही, सकाळी भाकरी टाळते आणि वर्गात पेंगते. गुरुजींना ते मठ्ठ वाटते. घरी ते हट्टी ठरते. बोलताना तोंडावर हात धरणारी मुलगी लाजाळू आहे असे आपण म्हणतो. तिचे पुढचे दात काळे आहेत हे आपण पाहत नाही. क्वचित प्रसंगी गालावर सूज चढून ताप येतो. अशा वेळी घरगुती लेप लावीत न बसता मुलास त्याच दिवशी इस्पितळात नेले पाहिजे, कारण ही सूज पसरल्यास जिवावर बेतू शकते.

“हे सारे खरे, पण दाताच्या डॉक्टराचा खर्च आम्हांस कसा झेपावा?” असा प्रश्न वाचक करतील. त्याचे उत्तर असे की, उशीर हाच खरा खर्च होय. दाताच्या मुळापर्यंत कीड गेल्यावर लागणारे उपचार महाग असतात. आरंभीचे उपाय साधे आहेत. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचे एक द्रावण किडलेल्या जागी नुसते लाविल्याने बहुधा कीड तेथेच थांबते. यंत्राने कोरावे लागत नाही की सुई टोचावी लागत नाही. ती जागा काळी पडते एवढाच त्याचा दोष. लहान खड्डा हातातील हत्याराने स्वच्छ करून ग्लास आयनोमर सिमेंटने भरण्याचीही रीत आहे. तिला वीज लागत नाही. हे दोन्ही पदार्थ आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट यांचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आवश्यक औषधांच्या यादीत केला आहे. दंतवैद्याकडे गेल्यावर या उपायांची चौकशी करण्यास आईबापांनी संकोचू नये.

केंद्र सरकारने २०१३ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करण्याची तरतूद असून, दातांची कीड तपासणीच्या यादीत आहे. ही तपासणी आपल्या शाळेत झाली काय, हे मुख्याध्यापकांना विचारणे हा पालकांचा हक्क आहे. आणि तेथे मिळालेली चिठ्ठी दप्तराच्या तळाशी राहू न देणे हे त्यांचे कर्तव्य. गोव्यात बांबोळीस, तसेच इंदूर व हैदराबाद येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत, बेळगावात के. एल. ई. संस्थेचे आणि मराठा मंडळाचे अशी दंत महाविद्यालये आहेत. जेथे विद्यार्थी शिकतात तेथे उपचार बहुधा खासगी दवाखान्यापेक्षा स्वस्त पडतात.

घरात पाळावयाचे नियम थोडे आहेत. प्रत्येकाचा ब्रश वेगळा असावा. दात दोनदा घासावे, आणि त्यांतील रात्रीचे घासणे कधीही चुकवू नये. कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि जंतूंना रान मोकळे मिळते. पेस्ट फ्लोराइडची असावी. तीन वर्षांच्या आतील बाळास तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पुरते. फ्लोराइड प्रमाणात असेल तर मित्र. अति झाले तर शत्रू. हैदराबादेजवळच्या नलगोंडा जिल्ह्याने पिण्याच्या पाण्यातील अति फ्लोराइडाचे दुष्परिणाम दातांवर व हाडांवर दीर्घकाळ भोगले आहेत; म्हणून अशा पाण्याच्या भागात राहणाऱ्यांनी पेस्टविषयी दंतवैद्याचा सल्ला घ्यावा. घासल्यावर फेस थुंकून टाकावा. भरपूर पाण्याने चूळ भरून औषध धुऊन टाकू नये. मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत मोठ्या माणसाने हातभार लावावा. राखुंडीने व विटेच्या भुकटीने दातांचे कवच खरवडले जाते. कडुलिंबाची काडी वाईट नव्हे, पण तिच्यात फ्लोराइड नाही. मशेरीविषयी तर शब्द जपून वापरण्याचे कारण नाही: ती भाजलेली तंबाखू आहे. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर सरकारने १९९२ सालीच बंदी घातली. मग आजीच्या डबीतील मशेरी नातीच्या बोटावर येऊ देणे योग्य कसे ठरेल?

आपल्याकडे एक म्हण आहे: दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत. आमचे म्हणणे असे की, निदान चण्यांपासून आरंभ करावा. बिस्किटांच्या पुड्याऐवजी फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, काकडी किंवा उरलेल्या भाकरीचा तुकडा मुलाच्या डब्यात पडला, तर खर्च फारसा वाढणार नाही आणि दातही वाचतील. गोड खायचे असेल तर ते जेवणाबरोबर खावे, दिवसभर चघळू नये. सणाची नेवरी आणि नाताळचा केक कोणी हिरावून घेऊ इच्छीत नाही.

धर्मग्रामालाही येथे काम आहे. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात उत्तर बरोबर आले की गोळी मिळते. ही प्रथा प्रेमापोटीच पडली आहे. पण त्या गोळीऐवजी पेन्सिल, पवित्र चित्र किंवा एखादा टूथब्रश दिला तर प्रेम कमी होईल काय? आणखी एक उदाहरण देतो. फिलिपिन्स हा बहुसंख्य कॅथलिकांचा देश. तेथे २००६ सालच्या राष्ट्रीय पाहणीत सहा वर्षांच्या मुलांपैकी शेकडा ९७ मुलांचे दात किडलेले आढळले. त्यानंतर तेथील अनेक सरकारी शाळांत शिक्षकांच्या देखरेखीखाली मुलांनी रोज एकत्र हात धुण्याचा व दात घासण्याचा परिपाठ सुरू झाला. त्यासाठी डॉक्टर लागत नाही. नळ, ब्रश आणि पाच मिनिटे लागतात. आमच्या धर्मभगिनी चालवीत असलेल्या शाळांत दुपारच्या जेवणानंतर हे होऊ शकेल. ब्रश व पेस्ट यांचा भार संत व्हिन्सेंट दी पॉल संस्थेच्या शाखेने किंवा महिला मंडळाने उचलावा, अशी आमची सूचना आहे.

दातदुखीने पीडित झालेल्यांची आश्रयदात्री म्हणून पवित्र सभेत संत अपोलोनियाचे नाव घेतले जाते. इसवी सन २४९ मध्ये अलेक्झांड्रिया येथे ख्रिस्ती लोकांचा छळ झाला, तेव्हा या वृद्ध व्रतस्थ स्त्रीचे दात जमावाने पाडले. श्रद्धा सोडण्यापेक्षा तिने अग्नी पत्करला. तिचा स्मृतिदिन ९ फेब्रुवारी. त्या दिवशी तिची प्रार्थना अवश्य करावी. पण जवळच्या दंत महाविद्यालयास आधीच पत्र लिहून, मिस्सानंतर चर्चच्या सभागृहात मुलांच्या दातांची तपासणीही ठेवावी. ज्या प्रभूने बालकांना जवळ घेतले, त्याच्या घराच्या अंगणात एकही मूल गालाला हात लावून उभे राहू नये. तोवर, आज रात्री झोपण्यापूर्वी, प्रत्येक घरी एक काम व्हावे: दिवा जवळ घेऊन आपल्या मुलाचे तोंड एकदा उघडून पाहावे.