विम्याची एजन्सी घ्यावी काय?



पाथरी-सोनपेठकडची शिकलेली पोरं-पोरी विचारतात, आयुर्विम्याची एजन्सी घ्यावी का? आम्ही म्हणतो, घ्यावी. पण सोयरेधायरे संपले की दुकान बंद, अशा हिशेबाने नव्हे. महामंडळाच्या 2024 च्या विमा सखी योजनेत भगिनींना पहिल्या वर्षी दरमहा 7000 रुपये मिळतात. दुसऱ्या वर्षी 6000, तेही पहिल्या वर्षीच्या निदान 65 टक्के पॉलिसी चालू राहिल्या तरच. खरी गोम इथंच आहे. उसाचं बिल लांबलं की हप्ता चुकतो. वार्षिक हप्त्याला सवलतीचे 30 दिवस. ते उलटले की नवी पॉलिसी बंद पडते. मग घरधनी गेला तर बाईच्या हाती काय? बिलाचा महिना पाहून हप्ता बांधून देणारा, थकल्यावर पुन्हा बांधावर येणारा एजंट आपल्या गावांत हवाच. हप्ते चालू राहिले तर त्यालाही वर्षानुवर्षे कमिशन मिळतं.