कॅमेरा आधी, जबाब नंतर

31 ऑगस्ट 1997 ला मध्यरात्रीनंतर पॅरिसच्या बोगद्यात डायनाची गाडी खांबावर आदळली. पाठलागावर असलेल्या छायाचित्रकारांपैकी काही जण जखमींचे फोटो काढत राहिले. 2008 साली लंडनच्या ज्यूरीने दारू प्यालेल्या चालकाचा आणि मागच्या वाहनांचाही घोर निष्काळजीपणा ठरवला. त्याआधी 2006 मध्ये खासगीपणाचा भंग केल्याबद्दल तीन छायाचित्रकार दोषी ठरले होते. दंड प्रत्येकी एक युरो, म्हणजे तेव्हाचे पन्नास-पंचावन्न रुपये!

राजघराण्यातल्या बाईचं हे, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. मैत्रिणींनो, 2020 आठवा. सुशांतसिंग राजपूतच्या मृत्यूनंतर रिया चक्रवर्तीला चौकशीला जाताना कॅमेऱ्यांच्या गराड्यात अक्षरशः रेटलं गेलं. काळ्या जादूपर्यंत चर्चा रंगल्या. मेलेला पुरुष, तर दोषी त्याच्या आयुष्यातली बाई. हा हिशेब आपल्या वाड्यावस्त्यांत काही नवा नाही. 18 जानेवारी 2021 ला मुंबई उच्च न्यायालयाने बजावलं की तपास चालू असताना माध्यमांनी खटला चालवणं म्हणजे न्यायाच्या कामात ढवळाढवळ. आत्महत्येच्या बातम्यांबाबतचे प्रेस कौन्सिलचे नियम वाहिन्यांनीही पाळावेत, असंही सांगितलं. मार्च 2025 मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला. तोवर त्या मुलीची व्हायची ती बदनामी होऊन गेली होती.

माझं काम नांदेड-लातूर भागात, जळालेल्या आणि विष घेतलेल्या बायांसोबत. इथे पाठलागाला मोटारसायकल लागत नाही, बातमीदार थेट वॉर्डात येतो. मागे एका रुग्णालयात सत्तर टक्के भाजलेल्या बाईच्या तोंडासमोर मोबाईल धरून एक जण विचारत होता, "ताई, कुणी पेटवलं? मोठ्यानं सांगा." पायथ्याशी सासू उभी. बाई म्हणाली, स्टोव्हचा भडका उडाला. नायब तहसीलदार संध्याकाळी आले, नातेवाइकांना बाहेर काढून त्यांनी जबाब घेतला, तेव्हा तिने नवऱ्याचं नाव सांगितलं.

आता दोन जबाब झाले, आणि बचावाच्या वकिलाला एवढंच हवं असतं. मृत्यूपूर्व जबानी एकट्यावरही शिक्षा होऊ शकते, पण ती विश्वासार्ह वाटली तर. म्हणून तर डॉक्टरने ती शुद्धीवर असल्याचं लिहून द्यायचं, दबाव टाकणारं कुणी जवळ नको, ही सगळी खबरदारी. एका मोबाईलने ती धुळीला मिळवली.

बातमी येऊच नये असं मी म्हणत नाही. बातमी आली नसती तर कित्येक प्रकरणं पोलीस ठाण्यातच 'अपघाती मृत्यू' म्हणून मिटली असती. गावचा बातमीदार कित्येकदा आमच्याआधी पोचतो, हेही खरं. पण त्याने डॉक्टरला विचारावं, ठाणे अंमलदाराला विचारावं, गुन्हा का नोंदवला नाही ते छापावं. बाईच्या लग्नातला फोटो आणि खाली 'अनैतिक संबंधातून', हे कशाला? बलात्कारित बाई मेली तरी तिचं नाव छापता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच सांगितलंय. हुंड्यापायी मेलेलीला तेवढाही आडोसा नाही.

आमची मागणी साधी आहे: जबाब होईपर्यंत जळीत वॉर्डात कॅमेरा नको, आणि दाराशी हे सांगायला परिचारिकेला एकटं सोडू नका. तिच्यामागे रुग्णालयाचा लेखी आदेश हवा.