पावसातील आम्ल आणि श्वासातील आम्ल

पहिल्या पावसात नातवंडांना भिजू द्यावे की नाही, हा प्रश्न दर ज्येष्ठात घरोघरी निघतो. ‘आम्लवर्षा’ हा शब्द आपण कुठेतरी वाचलेला असतो आणि तो मनात घर करून बसतो. वाचकहो, त्या भयाचे आधी माप घेऊ.

निर्मळ हवेतून पडणारा पाऊसही किंचित आम्लच असतो. कार्बन डायऑक्साइड थेंबात विरघळतो आणि पाण्याचा पीएच सुमारे ५.६ होतो. पीएच एका अंकाने उतरला की आम्लता दहापट वाढते. दगडी कोळसा जळताना त्यातील गंधकापासून सल्फर डायऑक्साइड बनतो. भट्ट्या व इंजिने यांच्या प्रखर उष्णतेत हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होतो. हे वायू ढगांत पोहोचले की त्यांपासून सल्फ्युरिक व नायट्रिक आम्ल तयार होते. मँचेस्टरच्या पावसाचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी १८७२ सालच्या आपल्या ग्रंथात ‘आम्लवर्षा’ हा शब्द वापरला.

असा पाऊस तळ्यांतील मासे मारतो, संगमरवर झिजवतो. पण त्याचा पीएच बहुधा चार-पाचच्या आसपास, म्हणजे टोमॅटोच्या रसाइतका. त्वचा त्याने भाजत नाही. शिवाय आपल्याकडील धुळीत चुन्याचे क्षार असतात, ते बरेचसे आम्ल थेंबातच शमवतात. तेव्हा नातवंडांना खुशाल भिजू द्यावे. नंतर अंग कोरडे केले म्हणजे झाले.

काळजी करायची ती श्वासाची. हे वायू पावसाची वाट पाहत थांबत नाहीत. सल्फर डायऑक्साइडने दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका काही मिनिटांत आकुंचन पावतात. हवेतील अमोनियाशी संयोग होऊन सल्फेट व नायट्रेटचे सूक्ष्म कण बनतात; ते शेकडो किलोमीटर प्रवास करतात आणि फुप्फुसांत खोलवर उतरतात. डिसेंबर १९५२ मध्ये कोळशाच्या धुराने कोंडलेल्या लंडनमध्ये काही दिवसांत हजारो माणसे दगावली. त्यांत वृद्ध आणि छातीचे रुग्ण अधिक होते.

उपाय ठाऊक आहेत. धुराड्यातील धुरावर चुनखडीच्या पातळ राड्याचा फवारा मारला की गंधक जिप्समच्या रूपाने वेगळे होते. आपल्या औष्णिक वीज केंद्रांसाठी २०१५ साली गंधकाच्या उत्सर्जनाची मर्यादा ठरली, मुदती वारंवार वाढल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना या यंत्रणेतून सूट मिळाली. धुळीने पाऊस सौम्य होतो हे खरे, पण तो दिलासा फुप्फुसांना कसा लागू व्हावा? वाहनांच्या इंधनाबाबत मात्र प्रगती झाली: एप्रिल २०२० पासून गंधकाचे प्रमाण दशलक्षांश ५० वरून १० वर आले.

घरापुरते बोलायचे तर हिवाळ्यात पहाटे हवा जमिनीलगत कोंडते. ज्येष्ठांनी फेरफटका ऊन वर आल्यावर मारावा, इनहेलर खिशात ठेवावा. अंगणात पालापाचोळा जाळू नये. छतावरचे पाणी साठवत असाल तर पहिल्या काही सरी वाहू द्याव्यात, आणि ते पाणी कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये. आम्लयुक्त पाण्यात धातू उतरतो.